आप्पांची फाईल किती मोठी ठेवायची

आप्पा गेले, घरात माणसं जमली, आणि जो तो माझ्याकडे आप्पांचा एखादा व्हिडिओ मागू लागला. आमच्या भावकीत लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारी मी एकटीच. त्यामुळे रडायचं काम थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे, आणि व्हिडिओचं माझ्याकडे अशी वाटणी आपसूकच झाली. मला ती सोयीची पडली, कारण मला रडू येतच नव्हतं. चहा पीत होते, आल्यागेल्याला पाणी देत होते, आत मात्र सगळं बधिर.

दुनियेची लग्नं मी कापली-जोडली, आणि माझ्या बापाचा व्हिडिओ निघाला फक्त एक. तोही खरं तर आप्पांचा नव्हताच. नवा कॅमेरा आणला तेव्हा बारीक धागे किती स्पष्ट येतात हे बघायला मी तो आमच्या यंत्रमागावर रोखला होता. आप्पा माग चालवत होते म्हणून कडेला सापडले.

ती फाईल अवाढव्य होती. आईच्या जुन्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला की चित्र दोन पावलं चालायचं आणि अडायचं.

"माझ्या फोनात जागाच न्हाय गं, बारीक करून दे," चिकोडीहून आलेली आक्का म्हणाली.

"आमच्या ग्रुपवर टाक की, दोन मिनटाचं काम," काका म्हणाले. दोन मिनिटांचं! लोकांना वाटतं फाईल म्हणजे गादीचा कापूस, दाबला की बसला.

फाईल लहान करायची तर आधी कोडेक निवडावा लागतो, म्हणजे चित्राची घडी कशी घालायची ते ठरवावं लागतं. नवा कोडेक कमी जागेत चांगलं चित्र राखतो, पण आईच्या टीव्हीला ती घडी उलगडता येत नाही. आवाज येतो आणि पडदा काळा. जुना कोडेक सगळीकडे चालतो, फक्त तेवढ्याच चांगल्या चित्राला जागा जास्त खातो. मी जुना निवडला आणि साईझ मात्र आक्काच्या फोनच्या मापाची ठेवली. सगळ्यांना एकच फाईल, कटकट मिटली. अशी कामं करताना काही वाटून घ्यावं लागत नाही, हे त्यातल्या त्यात बरं होतं.

दुपारी माणसं जरा पांगल्यावर ती टीव्हीवर लावली. आमचे माग बंद होते, त्यामुळे टीव्हीतली खडखड घरभर झाली. आई पुढं सरकली. मग आणखी पुढं सरकली.

"तोंड दिसंना झालंय गं ह्यांचं."

"दिसतंय की. ते काय आप्पा."

"आप्पा दिसायल्यात. तोंड दिसंना. काय तर बोलायल्यात बघ ह्येनी."

मी चिडले. त्या खडखडीत कुणाचं बोलणं ऐकू येणार होतं? मग लक्षात आलं, आई ऐकत नव्हतीच. माग चालू असताना ओरडून उपयोग नसतो, म्हणून विणकरांच्या घरात बोलणं ओठांवरून ओळखतात. आई-आप्पांचा सगळा संसार समोरासमोरच्या दोन मागांवर असाच झाला, भांडणंसुद्धा. मला मात्र त्यांनी कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत घातलं, मागापासून लांब ठेवलं. पाणी, चहा, जेवण एवढेच शब्द मला ओठांवरून कळतात.

उठून पुन्हा कॉम्प्युटरवर बसले. गडबड कुठं झाली ते लगेच दिसलं. चित्रात जे हलतं त्यावर कोडेक जागा खर्च करतो, आणि जे स्थिर आहे ते आधीच्या चित्रातून उचलतो. मागावर सगळंच हलतं: इकडून तिकडे पळणारा धोटा, धागे, पट्टा. मी दिलेली तुटपुंजी जागा एकट्या मागानं खाल्ली. आप्पा शांत उभे होते, ओठ तेवढे हलत होते, आणि त्यांच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. जन्मभर तेच झालं होतं. मी त्या मागाला मोठ्यानं शिवी दिली. बाहेर बसलेल्या काकांना ती ऐकू गेली असणार, गेली तर गेली.

आक्काला लहान फाईल दिली, बास. आईसाठी मूळ व्हिडिओतून फक्त आप्पांचा चेहरा कापून घेतला आणि माग चौकटीबाहेर घालवला. कोडेक जुनाच ठेवला, पण चौकट एवढी लहान झाल्यावर टीव्ही अडणार नव्हता, म्हणून साईझची काळजी सोडून दिली. आवाज तसाच ठेवला.

या वेळी आप्पांची मिशीसुद्धा केसन् केस दिसत होती. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. चौकटीबाहेर, आपल्या मागावर उभ्या असलेल्या आईकडे बघून ते काहीतरी बोलले. आईनं मला ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"काय म्हणायल्यात?" मी विचारलं.

"मला म्हणायल्यात, पोरगी कवाधरनं हुबी हाय, जेवलीया का न्हाय इचार तिला." आई पदराशी चाळा करत बसली. "तवा इचारायचं ऱ्हायलंच बघ."

टीव्हीत माग खडखडतच होता. आईनं माझ्याकडे तोंड वळवलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. जेवलीस?

मी नाही म्हणून मान हलवली. सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नव्हतं, आणि मला फार भूक लागली होती. आई भात वाढायला उठली, तशी मी तिथंच टीव्हीसमोर बसून मोठ्यानं रडायला लागले.