न तापणारा ओव्हन आणि मेहुण्याचे सासरे

बंद पडलेलं यंत्र आणि रुसलेला जावई या दोन्ही गोष्टी एकही चढा शब्द न बोलता ताळ्यावर आणणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नात्यानं माझ्या मेहुण्याचा सासरा लागत होता. जावयाचं एक वेळ सोडा. माझा मेहुणा ताट समोर आलं की आपोआप विरघळतो, त्यात सासऱ्याचं फारसं कर्तृत्व नाही. पण प्रयोगशाळेतली नखरेल यंत्रं या गृहस्थांपुढं कशी मुकाट शरण जात, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मी एमएस्सी, ते आयटीआय. तरी त्यांच्यासमोर मी कायम शाळेतल्यासारखा हात बांधून उभा असायचो. त्यांना सगळे अण्णा म्हणत.

अण्णा मूळचे सीमेकडच्या गावातले, जैन. माणसांशी मराठी बोलत आणि यंत्रांशी कानडी. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत जुन्या खणात गुंडाळलेला मल्टिमीटर. लॅबमध्ये बुटांशिवाय प्रवेश नाही असा आमचा नियम, आणि यंत्रासमोर पायताण घालून जायचं नाही असा त्यांचा. शेवटी त्यांच्यासाठी दोन जाड मोज्यांची तडजोड झाली. यंत्राचं मागचं झाकण काढलं की आधी आतल्या मुंग्या कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडायच्या, मग कामाला हात. एकदा एक पाल निघाली, तर ती स्वखुशीनं बाहेर पडेपर्यंत अण्णा पाऊण तास स्टुलावर बसून राहिले आणि आम्हीही बसलो. सूर्य मावळायच्या आत जेवण हा त्यांचा नेम होता, त्यामुळं दुरुस्ती कितीही रंगात आली तरी साडेचारला ते पेचकस खाली ठेवून कोल्हापूरची एसटी धरत.

त्यांची खरी मास्टरी जीसीच्या ओव्हनमध्ये. जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. नमुन्याची वाफ करून त्यातले घटक एकेक वेगळे करून दाखवणारं यंत्र. त्याच्या पोटात एक ओव्हन असतो आणि तो ठरल्याप्रमाणं तापला नाही तर बाकी सगळा थाट वाया. एका कॉलेजातला ओव्हन दिवसभर तापायचा नाही, पण दुपारी एक ते दोनमध्ये झकास तापायचा. कंपनीचे इंजिनिअर दोनदा येऊन कार्ड बदलून गेले. अण्णांनी यंत्राला हातसुद्धा लावला नाही. ते खिडकीत उभे राहिले आणि म्हणाले, "शेजारच्या वेल्डिंगवाल्याची जेवणाची सुट्टी किती वाजता हाय?" एक ते दोनच होती. तो वेल्डिंगला बसला की अख्ख्या लाइनचं व्होल्टेज खाली यायचं आणि ओव्हन निम्म्यातच दमायचा. कॉलेजनं वेगळी लाइन घेतली, आणि त्या वेल्डरशी अण्णांची कायमची दोस्ती झाली.

ते कधीही 'काय झालं' असं विचारत नसत. "आदल्या दिशी काय केलतं, ते सांगा. मशीन आदल्या दिशी बिघडतंय, आपल्याला दुसऱ्या दिशी कळतंय." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की माझ्यावर वेळ आली तेव्हा ते मला आठवायला हवं होतं.

मी कागलजवळच्या एका डिस्टिलरीच्या लॅबमध्ये आहे. दसऱ्यानंतर पहिल्याच दिवशी आमच्या जीसीचा ओव्हन नव्वदच्या वर जाईना. दीडशेचा आकडा दिला तरी नव्वदवर बसून राहायचा. स्पिरिटचे टँकर दारात उभे, रिपोर्टशिवाय एकही हलणार नाही, आणि साहेबांचा आवाज पार गेटपर्यंत. "कुणी हात लावला मशीनला?" मी, जीव वाचवायला म्हणा किंवा बेफिकिरीनं म्हणा, बोलून गेलो, "खंडेनवमीला मालूताईंनी ओल्या फडक्यानं पुसलं होतं, पाणी गेलं असेल."

मालूताई आमच्या लॅबमधल्या मदतनीस. काचसामान धुण्यापासून बाटल्यांवर चिठ्ठ्या लावण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडं. नवरा नाही, दोन मुली शिकतायत. साहेबांनी तिथल्या तिथं सांगितलं, "सोमवारपासून येऊ नका." मालूताईंनी हातातली बाटली पुसून जागेवर ठेवली फक्त.  मी अण्णांना फोन लावला.

अण्णा दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी आले. मोजे चढवले, मालूताईंनी आणून दिलेलं कोमट पाणी प्यायले आणि मला विचारलं, "आदल्या दिशी?"

"काही नाही, अण्णा. खंडेनवमी आणि दसरा होता. मशीन बंदच होतं."

"बरं," म्हणाले, आणि यंत्राकडं वळून हळूच, "याक?" कानडीत याक म्हणजे का. एवढ्या मायेनं मला घरातसुद्धा कुणी विचारत नाही. मग एकेक सुरू झालं. पंखा ऐकला, ठीक. यंत्र बंद करून हीटरची कॉइल मोजली, ठीक. तापमान सांगणारा सेन्सर मोजला, तोही ठीक. पुन्हा चालू करून ते यंत्राच्या मागं गेले आणि हवेच्या झडपेसमोर तळहात धरून उभे राहिले, चांगली पाच मिनिटं, डोळे मिटून.

"तापतंय की वो हे! पण घरात ठेवत न्हाय, समदं भाईर घालवतंय. तापताना मागं गार लागाय पायजे. ह्यो बघा, हात धरा."

मी हात धरला. गरम झोत येत होता. ओव्हन गार करायचा असेल तेव्हा ती झडप उघडते, तापवायचा असेल तेव्हा मिटते. आमची मिटतच नव्हती. अण्णांनी यंत्र बंद केलं, निवू दिलं, आणि चिमटा घालून झडपेतून काहीतरी ओढून काढलं. वीतभर दोरा, त्याला करपलेला झेंडू.

खंडेनवमीला आम्ही लॅबमधल्या यंत्रांची पूजा करतो, आणि जीसीला माळ मी घातली होती, मालूताईंनी नाही. पुढचा आकड्यांचा पडदा झाकू नये म्हणून मी ती हौसेनं मागून सोडली होती. दसऱ्यानंतर काढताना अडकली, मी हिसडा दिला, ती तुटली. उरलेला तुकडा कुठं गेला हे मी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात साहेब आत आले. "काय निघालं?"

अण्णांनी मूठ मिटली. "पाण्याचा थेंबबी न्हाय आत. बाईंनी पुसलंय ते झ्याक पुसलंय." मग माझ्या ॲप्रनच्या खिशात तो झेंडू टाकला आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे तुमचं हाय. काय करायचं ते तुमी बघा."

मी खिशातून झेंडू काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मालूताई दारात उभ्या होत्या. साहेब त्यांच्याकडं वळून म्हणाले, "सोमवारी वेळेवर या." मला त्यांनी जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तोवर अण्णांनी पुन्हा चालू केलेला ओव्हन दीडशेला पोचला होता. अण्णा त्याला "साकु" म्हणाले, म्हणजे पुरे, आणि घड्याळ बघून साडेचारच्या एसटीला निघून गेले.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांचा मल्टिमीटर मेहुण्यानं मला आणून दिला, खणासकट. खंडेनवमीला जीसीला माळ आता मालूताई घालतात, पुढून आणि आखूड. दसरा झाला की मी ओव्हन दीडशेला लावतो आणि मागं जाऊन झडपेसमोर तळहात धरतो. गार लागतं. गार लागलं म्हणजे सगळं ठीक आहे, हे मला अण्णांनीच शिकवलं. तरी मी हात लगेच काढून घेत नाही.