उन्हावरचा कान

"पाहा बरं मॅडम, किती वाया जाऊन राह्यलं!" शाळेच्या पायरीवर उभं राहून, उन्हात तळहात धरून ते रोज हे म्हणायचे.

वाशीमजवळच्या शिरपूरच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळेत मदतनीस होते; मी मराठी शिकवायची. ऊन, वारा, पोरांची पळापळ, त्यांच्या लेखी ही सगळी वाया जाणारी वीज. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. घरचे वैतागतात, बाहेरचे हसतात.

एकदा गॅसच्या लायटरचा खटका त्यांनी चपलेच्या टाचेत बसवला. चाललं की खिशातला दिवा लागणार होता. दिवा कसला लागतो! दर पावलाला झटका बसून ते व्हरांडाभर उड्या मारत आले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "अहो, झालं काय?"

"काई नाई सर, वीज तयार होऊन राह्यली!"

आम्ही पोट धरून हसलो.

वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ऐकू येईनासं झालं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. कानाचं मशीन आणलं, ते सेलवर चालणारं. यांनी बागेतल्या जुन्या दिव्याची सोलर पट्टी काढली, वहिनींच्या गळ्यातल्या कापडी पिशवीवर शिवली आणि मशीन तिला जोडलं. अंगणात दोन तास बसलं की दिवसभर ऐकू येई. आत चार्ज होणारा सेल घालून मशीनची डबी त्यांनी चिकटवून पक्की बंद करून टाकली.

मी म्हटलं, "अहो, सेल बदलायला जागा तरी ठेवायची!"

"बदलाचं कामच काय? सूर्य कुठं जाते?"

आभाळ आलं की वहिनींना ऐकू येत नसे. मग ते आपलं बोलणं राखून ठेवत. "ऊन पडलं का सांगतो तिले," म्हणत. मला त्याचं फार कौतुक होतं. आता राग येतो, त्यांचा आणि माझाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांची छाती कफानं भरली. वाशीमच्या दवाखान्यात मी भेटायला गेले, तो त्यांचा तिथला तिसरा दिवस होता. वहिनी पलंगापासून हलल्याच नव्हत्या. आत ऊन कुठलं? मशीन केव्हाच बंद पडलं होतं. त्यांचा हात धरून त्या नुसत्या ओठांकडे बघत होत्या.

"तिले काई सांगाचं हाये," ते मला म्हणाले. एका वाक्याला दोनदा थांबले.

"मला सांगा. मी त्यांच्या कानात ओरडून सांगते."

"तुमाले नाई मॅडम. तिलेच."

"मग बाजारातून नवं मशीन आणते."

"कायले? हे हाये नं. उनात बसवा तिले."

आणि मी ऐकलं. आयुष्यात कधी नव्हे ते त्यांचं ऐकलं!

वहिनी उठेनात. पलंगावरून त्यांनीच हातानं दाराकडे खूण केली, दोनदा केली, तेव्हा उठल्या. मी त्यांना आवारातल्या ओट्यावर बसवून आले. पिशवी दोन्ही हातांनी उन्हाकडे धरून त्या बसल्या.

"बसली?" त्यांनी विचारलं.

"बसल्या."

"ऊन?"

"कडक आहे."

ते हसले. नंतर बराच वेळ दाराकडे बघत होते. नर्स धावत आली, डॉक्टर आले, आणि संपलं. त्यांना काय सांगायचं होतं ते कुणालाच कळलं नाही.

वहिनींना बोलवायला जायची माझी छाती होईना. मी पलंगाच्या आड तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं त्या आपणहूनच आल्या. चेहरा उन्हानं लाल झालेला, एका हातानं कानातली वायर नीट करत होत्या.

"भरलं जी मशीन," दारातूनच म्हणाल्या. "हळूच बोला, तरास नका करू. येते मले ऐकू."