काकूंच्या दंडावरचा पट्टा

जवळा बाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या रेडिओवाल्या काकांइतका खटपट्या माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नसेल. घडवला असेल, तर यांनी त्यालाही उघडून पाहिला असेल! माझं लग्नातलं घड्याळ त्यांनी 'नुसतं बघाया' नेलं. आठ दिवसांनी त्या घड्याळावर त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार उघडू लागलं. पण नव्वद सालच्या सुमारास त्यांनी डोक्यात घेतलं ते काकूंसाठी. काकूंना फीट यायची, आणि पडल्या की कुणाला कळायचं नाही. म्हणून दंडाला इलास्टिकचा पट्टा, हाताला झटके बसले की वाजणारा. इलास्टिक ताणलं की आतली तार तुटायची. मी शाळेत विज्ञान शिकवणारा. ऐटीत म्हणालो, "काका, तांब्याची तार ताणली जात नसते. नाद सोडा."

"ताणत न्हाई, पर वळते ना, गुरुजी?"

शेवटी बंजारा तांड्यावर वाढलेल्या काकूंनीच ती तार कशिद्याच्या नागमोडी टाक्यानं इलास्टिकवर शिवली. पट्टा ताणला की वळणं उघडायची, सोडला की मिटायची. तार शाबूत! मी थक्क झालो, पण 'वा' म्हणायला जीभ रेटली नाही. त्यात पट्टा भाकरी थापतानाही वाजे. "येऊन राहिलो, येऊन राहिलो!" करत अख्खी गल्ली धावायची आणि काकू पिठाच्या हातांनी हसत बसलेल्या असायच्या.

माझ्या मुलीच्या बारशाला काकू आपण होऊन भाकरी करायला आल्या. पट्टा वाजायला लागला, सासरची मंडळी हसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वयंपाकघरात जाऊन मी हळूच म्हणालो, "काकू, तेवढं खेळणं काढून ठेवा." त्यांनी निमूट काढलं. आम्ही पाळण्याभोवती जमलो असताना त्या चुलीपाशी पडल्या. करपल्याचा वास आला तेव्हा आम्ही धावलो. उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

महिन्याभराने काका काकूंना घेऊन माझ्या दारात उभे. आता शिव्या खायच्या, अशी मी मनाची तयारी केली.

"हिनं सवताच काढून ठेवला म्हणते, गुरुजी. वाजून वाजून तकलीफ झाली आसंल. चूक माझी हाय. आता हात लई येळ झटकला तरच वाजते. तुमी शिकलेले, तुमच्या हातानं बांधा."

काकू खाली बघत होत्या. मी त्यांच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला. खरं बोलायला एवढंसं तोंड उघडायचं होतं. मी विचारलं, "घट्ट तर नाही ना झाला?"

"न्हाई, गुरुजी," त्या म्हणाल्या.

आता दोघंही नाहीत. काकांना सांगायचं राहिलं ते राहिलंच.