आईची ओटी, मानकऱ्याची अब्रू

जत्रेत मानकऱ्याने आईची ओटी काठीने बाजूला सारली. काठी मनगटावर लागली. नारळ पायऱ्यांवरून गडगडत गेला. तांदूळ सांडले.

"थंयच रव गे. आधी आमच्या बायकांची होवंदे. तुमची मागसून, भायरसून."

भायरसून म्हणजे उंबऱ्याबाहेरून. वहाळाच्या पाण्यापलीकडच्या आमच्या जातीला आत जागा नाही.

आई वाकून तांदूळ वेचायला लागली. मी म्हटलं, "उचलू नको." रांगेतून कोणीतरी हसलं, "चेडू कॉलेजात गेला. आता देवीक शिकयतला!"

गेलेच कॉलेजात. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर नाव घेऊन लिहिलं: मानकऱ्याने जात बघून माझ्या आईची ओटी काठीने सारली.

आठवड्यात मानकऱ्याच्या वकिलाची नोटीस. अब्रुनुकसानी. देवळात हात जोडून माफी मागा, नाहीतर खटला.

आई घाबरली. "माग गो माफी. आपणाक हयंच रवाचा आसा."

जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी कलम पुढे ठेवलं. दुसऱ्यांच्या नजरेत माणसाला उतरवणारं बोलणं किंवा लिहिणं म्हणजे बदनामी. व्याख्या इंग्रजांनी लिहिलेली. कायदा नवा झाला, तरी जवळपास तीच. पुढे वाचलं आणि थांबले. माणसाला 'त्याच्या जातीच्या बाबतीत' कमीपणा आणणं.

जात. थेट कलमातच.

"इथे अब्रू कशावर मोजतात ते बघूनच लिहिलं असणार," बाई म्हणाल्या.

"मग माझ्या आईची अब्रू कुठल्या कलमात?"

"ह्याच. कलम कोणत्याही व्यक्तीसाठी आहे. पण तुमच्या बचावाला नुसतं खरं असून भागत नाही. लोकांच्या भल्यासाठी बोललात, हेही दाखवावं लागतं."

पुढच्या जत्रेत कुठल्याच बाईवर काठी उगारली जाऊ नये. ह्याहून मोठं लोकांचं भलं मला ठाऊक नाही.

पण साक्ष कोण देणार? सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि एकही जण बोलायला तयार नव्हता. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "मार माका लागलो. मी सांगतलंय. कोर्टात कोणाक भियाचा?"

नोटिशीला उत्तर गेलं: लिहिलेलं खरं आहे, एक शब्द मागे घेणार नाही. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जात बघून काठी मारल्याची तक्रारही गेली. आरोपी मानकरी. फिर्यादी आई.

आता गावाने आमच्याशी बोलणं टाकलंय. टाकू दे. कोर्टाची तारीख पडेल तेव्हा आम्ही दोघी जाणार.