अंगठ्याचं नख अन् पोराचं लग्न

गॅसचं सिलेंडर सरकवता सरकवता पायाच्या अंगठ्यावर आलं. नख काळं पडलं अन् पुढं गळून गेलं. त्याचं मले काही नव्हतं, पण पोराचं लग्न ठरलं अन् माझा जीव टांगणीला लागला. आमच्यात मांडवात नवरीची आई नवरदेवाच्या आईचे पाय धुते, चारचौघांत. अन् इकडे नख वाढता वाढेना!

"मम्मी, पैर कौन देखता है?" पोट्टा म्हणे. मराठी समजते सारं, उत्तर मात्र हिंदीत.

"अरे, त्या दिवशी पायच पाहतेत सारे!" मी भडकलीच.

डॉक्टरीणबाईनं शुगर तपासली, ठीक निघाली. म्हणाली, पायाचं नख हळूच येते, वय झाल्यावर आणखी हळू. वर्ष-दीड वर्षही लागते. पाय कोरडे ठेवा, नेलपॉलिश लावू नका. म्हणजे लपवायचीही सोय गेली.

रोज सकाळी पाय मांडीवर घेऊन पाहत बसायची, अन् आई आठवायची. लहानपणी भनपुरीच्या क्वार्टरमध्ये रविवारी आंघोळ झाली, नखं नरम असली, की ती माझा पाय मांडीवर घेऊन नखं कापायची. शनिवारी नाही, दिवेलागणीला तर नाहीच नाही. गोल बाजारातून आणलेलं नेलकटर ती कोणाच्या हाती देत नसे. एकदा ठेच लागून हेच नख गेलं, तेव्हा मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आईनं बोटाच्या टोकानं खोबरेल टेकवलं, फुंकर घातली. "येते ना माय, कुठं जाते?" काय दिवस होते ते!

लग्नाच्या दिवशी नख अर्धंच होतं. अभनपूरची विहीण परात घेऊन समोर बसली. बाया वाकून वाकून पाहून राहिल्या होत्या. मी अंगठा साडीच्या काठाखाली ओढला. विहिणीनं पाय हळूच बाहेर घेतला, धुतला, पुसला. बाकी बोटांना हळद-कुंकू नीट लावलं. त्या उघड्या जागेवर मात्र नुसतं बोटाचं टोक टेकवलं. हळू आवाजात विचारलं, "दुखते काय हो?"

मले रडूच आवरेना. आई गेल्यापासून माझा पाय असा कोणी हातात घेतला नव्हता.

"दर्द हो रहा है क्या, मम्मी?" पोट्टा घाबरून गेला.

"हव," म्हणत मी मान डोलावली.