चौकातली कोरी घडी

“भिंत नाही तर नाही, कागद कुठं कुंकू विचारतो?” गंजाडची चंद्रा येता-जाता म्हणायची. ऐकणारे हसायचे, तीही हसायची. मग घरात जाऊन कडी लावायची.

एके काळी लग्नाचा चौक लिहायला पाड्यापाड्यांवरून तिलाच बोलावणं यायचं. चौक म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढायचं चित्र. लग्न लावणाऱ्या धवलेरीनं गायचं आणि सवाष्णींनी लिहायचं, अशी रीत. तिचा नवरा जिव्या वेरावळच्या बोटीवर खलाशी होता. तो तिकडेच वारला. चंद्राला कुणी काही बोललं नाही, बोलावणं तेवढं थांबलं.

घोलवडला ती चिकू निवडायला जायची. खोक्यांतला उरलेला तपकिरी कागद मागून आणायची, खळीनं जोडून लांबच लांब पट्टी करायची आणि उलटसुलट घड्या पाडायची. एका घडीवर चित्र, शेजारच्या घडीवर स्वतः रचलेल्या ओळी. मिटलं की मुठीत मावेल असं पुस्तक, उघडलं की जमिनीवर आपलं आपण उभं राहायचं.

तलासरीच्या भावाच्या मुलीचं, निलमचं, लग्न ठरलं, तेव्हा तिनं पुस्तकात अख्खा चौक लिहिला. सूर्य, चंद्र, फणी, शिडी. मधली घडी मात्र कोरी ठेवली. ती लग्नाच्या देवीची, पालघाट देवीची जागा. ती निलमनं भरावी, एवढंच तिला हवं होतं.

हळदीच्या दिवशी ती पोचली. भावजयीनं चहा दिला, पुस्तक अहेरात ठेवा म्हणाली. चंद्रा थेट निलमपाशी गेली. निलमचे हात हळदीनं भरलेले, म्हणून तिनं पुस्तक ओट्यावर उघडून उभं केलं. निलम वाकून वाचू लागली:

डोंगर चढलो तेव्हा दोघं होतो,
उतरताना माझीच सावली पुढं.

“आत्या, मधलं राहिलं वाटतं?”

“तिथं माझा हात चालत नाही. उद्यापासून तुझा चालेल.”

“मला कुठं येतं? मी फुग्याच्या कारखान्यातली.”

“येईल तसं काढ. वाकडी आली म्हणून देवी रुसत नाही.”

निलम त्या कोऱ्या घडीवर आणखी वाकली. “काढीन. पण तू शेजारी बस.”

घरी शेळ्या एकट्या आहेत, असं सांगून चंद्रा उठली. शेळ्या तिनं दिवाळीतच विकल्या होत्या, आणि निलमला ते ठाऊक होतं. हाक मारायला तिनं तोंड उघडलं, तोच आत धवलेरीनं गाणं धरलं. बायका भिंतीकडे वळल्या. पिवळे हात लुगड्यापासून दूर धरून निलम ओट्यावर उभी राहिली, आणि आत्या ताडांमागं वळेपर्यंत तिला एकटीच बघत राहिली.