मनगटावरचे वण

चढोतरा आला की घर सोडून डोंगरात पळायचं, ही आमच्या भिलांची रीत. सून सासरी मेली आणि माहेरच्यांना संशय आला, की ते ढोल वाजवत, तिरकामठे घेऊन चालून येतात, तोच चढोतरा. मणकीकाकी मात्र पळाली नाही.

"आई, चल! जित्ती सोडणार नाहीत," वेलजी तिचा हात ओढत होता.

"तू पळ. मी काय सुनेला मारलीय, तोंड लपवायला?" असं म्हणून म्हातारीने लेकाला डोंगराकडे हाकललं आणि कुऱ्हाड मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली.

सून रेशमी, वेलजीची बायको, हाडांच्या कळांनी मेली होती. सिकलसेल. गावचा आरोग्यसेवक म्हणून तिचं रक्त मीच तपासायला नेलं होतं. कळ उठली की किंकाळी दाबायला ती स्वतःचं मनगट चावायची. प्रेत धुताना माहेरच्या बायकांनी ते वण पाहिले आणि बोंब ठोकली, "सासूनं चावून खाल्ली! डाकण आहे डाकण!"

भर उन्हात चढ चढून ते आले. सगळ्यांत पुढे रेशमीचा भाऊ लादू, मागे काका हुरजी. मी त्यांच्या वाटेत आडवा आलो. आजाराचं नाव घेतलं तोच खांद्यावर दगड बसला. मग कौलं फुटू लागली. मक्याची कणगी फाडली, बकरीचं नरडं अंगणातच कापलं. एक बाण मणकीकाकीच्या कानाला चाटून दारात घुसला. कानातून रक्त गळत होतं, पण बाई हलली नाही.

"ये लादू, ये! बहिणीला तीन वर्षं माझ्या हातानं भरवली. आता मलाही खा!"

लादूने कुऱ्हाड उगारली आणि ती तशीच हातातून मागे पडली. तो गुडघ्यांवर कोसळला. पोटऱ्या आवळून मातीत लोळायला लागला, आणि एकदम त्याने स्वतःचं मनगट दातांत धरलं. हनुवटीवरून रक्त ओघळलं.

ढोल थांबला.

"डाकणीनं नजर लावली! ठोका हिला!" हुरजी ओरडला.

"गप रे मुडद्या!" मणकीकाकी उठली. "तुमच्या पोरीचीही हीच कळ होती. हेच दात, हेच मनगट. बघा डोळे फाडून!"

उन्हात अंगातलं पाणी आटलं की ही कळ उठते, हे रेशमीमुळे तिला ठाऊक होतं. ती पाण्याची घागर घेऊन आली, तसा हुरजीने लादूच्या तोंडावर हात ठेवला. वैऱ्याच्या घरचं पाणी घशाखाली उतरलं की वैर मोडतं. त्यानंतर हत्यार उचलता येत नाही. लादूनेही दात आवळले होते.

काकीने हुरजीच्या कानशिलात अशी लगावली की त्याचा फेटा गळून पडला. मग ती लादूच्या छातीवर गुडघा देऊन बसली. नाक दाबलं. तोंड उघडताच पाणी ओतलं. तो ठसकला, थुंकला. तिने पुन्हा ओतलं. अखेर त्याने घागरीला स्वतःच हात लावला.

मोडलं वैर. त्याच माणसांनी त्याला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं. जाताना मेलेली बकरी मात्र घेऊन गेले, हरामखोर.

लादूच्या घरच्यांचं रक्त तपासलं. आई-बाप दोघंही ठणठणीत. दोघांच्याही रक्तात अर्धा अर्धा दोष. ज्या लेकराला दोन्हीकडून मिळाला, त्याच्या हाडांत कळा.

"म्हणजे वहिनीचंच रक्त खराब," हुरजी म्हणाला.

"आणि तुझ्या भावाचं काय, दूध आहे?" मी ओरडलो.

मणकीकाकी हसली. कानावर अजून पट्टी होती. "घे ढोल, हुरजी. आता आपल्याच घरावर चढोतरा काढ. कौलं फोडायला मी येते."

पुढच्या बाजाराला लादू नवी कौलं घेऊन आला आणि शिडी लावून काकीच्या छपरावर चढला. ऊन तापलं, तसा खालून आवाज आला,

"उतर खाली, मेल्या! आधी पाणी पी. नाहीतर परत बसेन छातीवर!"